पातेऱ्यातला इवला कोळी ‘नवा’ म्हणण्याआधी या चुका टाळा

काजूच्या बागेतला पातेरा चाळून पांढऱ्या कापडावर झाडला की काटक्या-मुंग्यांमधून नारिंगी ठिपके पळायला लागतात. दीड-दोन मिलिमीटरचे हे कोळी बरेचदा ऊनोपिडी कुळातले निघतात. पुस्तकातल्या चित्राशी जुळले नाहीत की नवी प्रजाती मिळाली असं वाटतं, आणि इथेच घाई होते.

सगळ्यात महागात पडते ती पिल्लावरून ओळख पटवण्याची चूक. कोळ्याची प्रजाती रंगावरून नाही, जननांगांवरून ठरते, आणि ती शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण होतात. नराच्या तोंडाजवळच्या पाल्पचं टोक फुगलेलं दिसलं तरी थांबा. ते नुसतं गुळगुळीत बोंड असेल, तर हा नर अजून वयात आलेला नाही. त्यात वळणं आणि टोकाची बारीक नळी स्पष्ट दिसायला हवी. मादीच्या बाबतीत उलटी चूक होते. या कुळात पोटाखाली बाहेरून ठळक खूण नसते, म्हणून चांगली वयात आलेली मादीही पिल्लू समजून बाजूला टाकली जाते. तिचा तो भाग सुटा करून लवंगतेलात किंवा लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक करा, मग आतली रचना दिसते.

पाल्प मायक्रोस्कोपखाली सारखा लोळतो, आणि कोन जरा बदलला की चित्रातला आकारही बदलतो. वाटीच्या तळाशी बारीक वाळू घालून त्यात तो टेकवा. किनाऱ्यावरची वाळू असेल तर गोड्या पाण्यात भरपूर धुवा. चित्र डाव्या पाल्पचं काढायची रीत आहे. सुटा केलेला पाल्प छोट्या नळीत घालून त्याच कोळ्याच्या बाटलीत ठेवा.

माझा एक सुंदर नर चिठ्ठीपायी वाया गेला. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरली आणि गाव, तारीख, झाड सगळं पुसलं. तेव्हापासून मी पेन्सिलनेच लिहितो आणि चिठ्ठी बाटलीच्या आत घालतो. शरीररचनेसाठी ७० टक्के अल्कोहोल चालतं. डीएनएसाठी एक पाय काढून ९५ टक्क्यांत ठेवा. अख्खा कोळी त्यात कडक होऊन मोडतो.

तुलना फक्त भारतातल्या प्रजातींशी करू नका. कुंड्यांच्या मातीतून हे कोळी समुद्रापार गेलेत. त्रियेरिस स्टेनास्पिस ही नराविनाच वाढणारी प्रजाती युरोपातल्या काचघरांतही सापडते. रोपवाटिकेत फक्त माद्याच मिळाल्या तर आधी हिचा विचार करा. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग या जगभरातल्या कोळ्यांच्या ऑनलाइन सूचीत तुमच्या कोळ्याच्या वंशातल्या (जीनसमधल्या) प्रजातींची पूर्ण यादी असते. त्यातलं प्रत्येक मूळ वर्णन वाचायला हवं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

राखीव जंगलात परवानगीशिवाय पातेरा उचलू नका. होलोटाइप, म्हणजे ज्यावरून नव्या प्रजातीचं नाव ठरतं तो मूळ नमुना, घरच्या कपाटात ठेवू नका. तो कुठल्या संग्रहात आहे हे नव्या प्रजातीच्या शोधलेखात लिहावंच लागतं, आणि जैवविविधता कायदा २००२ नुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमलेल्या संस्थेकडे द्यावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करा. ती राहिली तर नाव ग्राह्यच धरलं जात नाही.

नाव देताना व्याकरण पाहा. ठाण्यातल्या उडी मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून २०२१ मध्ये ‘इसियस तुकारामी’ नाव मिळालं. पुरुषाच्या नावापुढे ‘ई’ लागतो. बाईचं नाव द्यायचं असेल तर प्रत्यय वेगळा.