तीन तक्रारी, एक वही

शिकवताना जीभ टाळूला चिकटायची. मी म्हणायचे, दिवसभर बडबडल्यावर होणारच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, त्याचं खापर पेपर तपासणीवर फोडलं. वर्षभरात हिरडीलगत चार दात किडले, तेव्हा ‘नीट ब्रश करत जा’ हेही ऐकून घेतलं. तीन तक्रारी, तीन डॉक्टर. त्या एकाच घरच्या आहेत हे कुणाला कळणार? मी तरी कुठे एकत्र सांगितल्या होत्या!

आजाराचं नाव शोग्रेन. यात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. बहुतेक रुग्ण बायका, त्यातही चाळिशी-पन्नाशीच्या.

शंका असेल तर आधी एक वही करा. डोळे किंवा तोंड ३ महिन्यांहून जास्त काळ रोज कोरडं आहे का? डोळ्यांचे थेंब दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा लागतात का? कोरडा घास पाण्याशिवाय उतरतो का? आणि हो, डोळ्यांतून पाणी वाहतंय म्हणून निश्चिंत राहू नका. वाऱ्याने चुरचुरलं की पाणी घळाघळा येतं, पण मूळचा ओलावा नसतोच. मी यातच फसले.

पुढच्या पानावर बाकीचं लिहा: झोपूनही न जाणारा थकवा, सांधेदुखी, कोरडा खोकला, कानाखाली गालावर येणारी सूज. योनीचा कोरडेपणाही लिहा. मी लाजले आणि तेवढंच सांगायचं राहिलं.

चालू औषधांची यादी हवीच. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. मात्र त्या मनाने बंद करू नका.

ही वही घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. ५ मिनिटांत ती जेमतेम ३ मिलिमीटर भिजली. ५ किंवा त्याहून कमी म्हणजे अश्रू कमीच. रक्तात ‘अँटी-रो’ नावाची, आपल्याच शरीरावर उलटणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तपासतात. ती सापडली नाहीत म्हणून आजार नाही असं होत नाही. मग ओठाच्या आतला बारीक तुकडा काढून पाहतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण जागा बधिर करतात.

अँटी-रो असेल आणि मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. कानाखालची सूज उतरतच नसेल, वजन घटत असेल, ताप राहत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. या आजारात लिम्फोमा या कर्करोगाचा धोका वाढतो, तो आधी तपासून घ्या.