चोवीस लाख चलं घेऊन बसताना: लार्ज-स्केल ऑप्टिमायझेशनमधल्या संशोधनाची सुरुवात

शिवाजी विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. करून लार्ज-स्केल ऑप्टिमायझेशनमध्ये, म्हणजे लाखो चलं (ठरवायच्या राशी) असलेल्या प्रश्नांचं सर्वांत चांगलं उत्तर शोधण्याच्या विषयात, प्राध्यापक व्हायचं, तर नेट किंवा सेटसारखी पात्रता परीक्षा साधारणपणे द्यावी लागते. पण पीएच.डी.चा गाइड ठरवण्याआधी एक मोठा प्रश्न स्वतः चालवून बघा. वहीतल्या सिम्प्लेक्सच्या (असे प्रश्न हाताने सोडवायच्या पाठ्यपुस्तकी पद्धतीच्या) तक्त्यांवरून खरी अडचण कुठे येते ते कळत नाही.

कोल्हापुरात प्रश्न शोधायला लांब जायला नको. ऊसतोडणीचा कार्यक्रम घ्या. समजा कारखान्याकडे २०,००० प्लॉटची नोंद आहे आणि हंगाम १२० दिवसांचा. कुठला प्लॉट कुठल्या दिवशी तोडायचा, याची चलं होतात २४ लाख. प्रत्येक प्लॉट एकदाच तुटावा आणि रोजचा ऊस गाळपक्षमतेत बसावा, या अटींच्या ओळी २०,१२०. अटींच्या ओळी आणि चलांचे स्तंभ अशी ही मॅट्रिक्स शून्यांसकट साठवली तर ३८६ जीबी लागतात. एका स्तंभात शून्य नसलेल्या नोंदी मात्र दोनच; तेवढ्याच ठेवल्या की ७० एमबीच्या आसपास भागतं. सायपाय या पायथन लायब्ररीतली सीएससी रचना (स्तंभवार फक्त शून्य नसलेल्या नोंदी ठेवणारी) हेच करते. सॉल्व्हर, म्हणजे प्रश्न सोडवणारं सॉफ्टवेअर, म्हणून हाइज (HiGHS) घ्या, तो मोफत आहे.

आता ‘सर्वांत जास्त उशीर कमीत कमी व्हावा’ असं म्हणून प्लॉटमागे एक अट वाढवा. उशिराचं ते एकच चल सगळ्या २०,००० नव्या ओळींत येतं आणि इथेच घोळ होतो. करमरकरांच्या १९८४ च्या कामानंतर वाढलेल्या इंटिरियर पॉइंट पद्धतींत (अटींच्या क्षेत्राच्या आतून उत्तराकडे सरकणाऱ्या) दर फेरीला मॅट्रिक्स आणि तिच्या ट्रान्सपोझचा गुणाकार लागतो. या एका स्तंभामुळे त्यातला २०,००० गुणिले २०,००० चा भाग भरून जातो: ३.२ जीबी, सममितीचा अर्धा भाग ठेवला तरी १.६. असा स्तंभ वेगळा काढून त्याचा परिणाम शर्मन-मॉरिसन सूत्राने, म्हणजे मॅट्रिक्समधल्या अशा एका बदलासाठी सगळं नव्याने न सोडवता उत्तर देणाऱ्या सूत्राने, हाताळायचा. पीएच.डी.चे चांगले विषय अशाच जागी सापडतात.

एककंही जपा. एका अटीत किलो, दुसरीत हजार टन ठेवले की १०⁻⁷ च्या टॉलरन्सला (अट किती मोडलेली चालेल त्या मर्यादेला) सगळीकडे सारखा अर्थ राहत नाही. उत्तर ‘बरोबर’ दिसतं, पण क्षमता ओलांडलेली असू शकते.

नुसतं जेनेटिक अल्गोरिदम (चांगलं उत्तर शोधणारी, पण ते सर्वोत्तम असल्याची हमी न देणारी पद्धत) चालवून पेपर लिहू नका. ड्युअलमधून (मूळ प्रश्नाच्या जोडीच्या प्रश्नातून) मिळणारी सीमा आणि तिच्यापासूनचं अंतर दिल्याशिवाय उत्तर किती चांगलं, हे परीक्षकाला कळणार कसं? नेटलिब आणि मिपलिब या चाचणीसाठीच्या प्रश्नसंग्रहांवरचे निकाल, कोड, सॉल्व्हरची आवृत्ती हे सगळं जोडा.

सहायक प्राध्यापक झालात की आठवड्याला १६ तास शिकवणं असतं. मोठे रन रात्री लावा, आणि दर फेरीची स्थिती फाइलमध्ये उतरवत राहा, म्हणजे वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.