क्रोन, कोलायटिस आणि सिगारेट : धूम्रपान सोडण्याची तयारी कशी करावी

आतड्याचा दाहक आजार, म्हणजे आयबीडी, असलेल्या माणसाने सिगारेट सोडावी का, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे : सोडावी. ती कधी, कोणाला विश्वासात घेऊन आणि कोणत्या आधाराने सोडावी हे मात्र आपला आजार आयबीडीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी कोणता आहे, पचनमार्गाच्या कोणत्याही भागात होऊ शकणारा क्रोन की मोठ्या आतड्यापुरता राहणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, यावर बरेच अवलंबून असते. म्हणून तारीख ठरवण्याआधी आपले निदान नेमके काय आहे आणि ते कोणत्या तपासणीवरून झाले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. आयबीडी आणि आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) या दोन नावांतही अनेकांची गल्लत होते. आयबीएसमध्ये आतड्याला सूज किंवा व्रण नसतात, त्यामुळे पुढचा मजकूर त्या आजाराला लागू पडत नाही.

क्रोन असेल तर

क्रोनमध्ये धूम्रपान आजाराला सरळसरळ खतपाणी घालते. धूम्रपान करणाऱ्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उफाळतो, त्यांना स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जास्त लागतात, शस्त्रक्रियेची वेळ अधिक जणांवर येते आणि शस्त्रक्रियेने आतड्याचा खराब भाग काढल्यानंतर जोडाच्या जागी आजार परत येण्याचा धोकाही वाढतो. दिवसाला दोन-चार सिगारेट ओढणाराही यातून सुटत नाही. फ्रान्समधील क्रोनच्या रुग्णांवरील एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाहून अधिक काळ सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचा आजार उफाळण्याचे प्रमाण कधीच धूम्रपान न करणाऱ्यांइतके खाली आल्याचे आढळले. सिगारेट सोडणे हा क्रोनच्या उपचाराचाच एक भाग आहे, आणि औषधाच्या गोळ्यांइतकेच महत्त्व त्याला द्यायला हवे. त्यामुळे क्रोनच्या रुग्णाने आजार शांत होण्याची वाट पाहत बसू नये. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर निदान चार आठवडे आधी धूम्रपान थांबवल्याने जखम भरून येण्यास मदत होते आणि भुलीशी संबंधित गुंतागुंतही कमी होते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर

इथे गोष्ट अवघड होते, आणि रुग्णाच्या मनातला गोंधळही खरा असतो. ब्रिटनमधील कार्डिफच्या डॉक्टरांनी १९८२ साली नोंदवले की त्यांच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांपैकी केवळ ८ टक्के जण धूम्रपान करत होते, तर क्रोनच्या रुग्णांत हे प्रमाण ४२ टक्के आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत ४४ टक्के होते. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतही हेच चित्र दिसले. धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार कमी होतो, आणि सिगारेट सोडलेल्यांना, विशेषतः सोडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तो होण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त असते. ‘सिगारेट सोडली आणि काही महिन्यांतच रक्त पडू लागले’ असे एखादा रुग्ण सांगतो, तेव्हा तो कल्पनेत नसतो. त्याचे म्हणणे उडवून लावणारा सल्लागार त्याचा विश्वास गमावतो.

निकोटीन हेच औषध असेल का, हेही तपासून पाहिले गेले आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७२ रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या औषधांबरोबर सहा आठवडे निकोटीनचा किंवा निकोटीन नसलेला पॅच लावण्यात आला. निकोटीन मिळालेल्या ३५ पैकी १७ जणांचा आणि दुसऱ्या गटातील ३७ पैकी ९ जणांचा आजार पूर्ण शांत झाला. परंतु पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शांत झालेला आजार तसाच शांत ठेवण्यात निकोटीनचा पॅच काहीही उपयोगी पडला नाही. नेहमीच्या औषधांपेक्षा तो सरस ठरलेला नाही आणि मळमळ, डोकेदुखी, चक्कर हे त्रास मात्र बरेच होतात. म्हणूनच कोलायटिसवरचा नियमित उपचार म्हणून निकोटीन दिले जात नाही. सिगारेटचा प्रश्न तर याहून वेगळा आहे, कारण तिच्यातून निकोटीनबरोबर कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक द्रव्येही शरीरात जातात. आयबीडीमुळे रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो आणि स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात. हृदय, रक्तवाहिन्या आणि हाडे यांचे नुकसान करणारे धूम्रपान या दोन्हींवर आणखी भार टाकते. मोठे आतडे वाचवण्यासाठी फुप्फुसे आणि हृदय पणाला लावण्याचा हा सौदा कोणत्याही हिशेबाने परवडणारा नाही.

कोलायटिसच्या रुग्णाने मात्र गुपचूप, एकट्याने सिगारेट सोडू नये. आजार शांत असतानाचा काळ निवडावा आणि तारीख काही आठवड्यांच्या आत ठेवावी, कारण ‘योग्य वेळ’ शोधण्याच्या नादात वर्षे निघून जातात. आधी डॉक्टरांना भेटून रक्ताची आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिनची (आतड्यातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करून ठेवावी, म्हणजे पुढे तुलना करता येते. आजार उफाळला तर कोणते औषध किती वाढवायचे आणि कोणाला कळवायचे, हे त्याच भेटीत लिहून घ्यावे. मेसालामाइनसारखे रोजचे औषध या काळात एक दिवसही चुकवू नये.

निकोटीनचे पॅच, च्युइंगगम आणि गोळ्या

दोन्ही आजारांत सिगारेट सोडण्यासाठी ही साधने वापरता येतात. पॅचमधून दिवसभर मंद गतीने निकोटीन मिळत राहते, आणि अचानक येणारी तलफ च्युइंगगम किंवा चघळण्याच्या गोळीने भागवता येते. एकेकट्या साधनापेक्षा दोन्ही एकत्र वापरल्यास यश अधिक मिळते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर सहसा ४ मिलिग्रॅमचे च्युइंगगम दिले जाते, अन्यथा २ मिलिग्रॅमचे पुरते. चोवीस तासांचे पॅच २१, १४ आणि ७ मिलिग्रॅम अशा उतरत्या मात्रांत येतात. रोज एक पॅच, प्रत्येक वेळी नवीन जागी, कोरड्या आणि केस नसलेल्या त्वचेवर लावावा. ज्यांच्या पोटावर स्टोमाची (शौच बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेल्या छिद्राची) पिशवी आहे त्यांनी तिच्या आसपासची जागा सोडून दंड किंवा छाती निवडावी. पॅचमुळे रात्री विचित्र स्वप्ने पडत असतील, तर झोपताना तो काढून ठेवता येतो.

निकोटीनचे च्युइंगगम साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळत राहिल्यास निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते आणि मळमळ, उचकी, जळजळ सुरू होते. आधीच पोटाने त्रासलेल्या माणसाला हे नकोच असते. म्हणून तोंडात झणझणीत चव येईपर्यंत सावकाश चावावे, मग ते गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यावे, आणि चव गेली की पुन्हा चावावे. त्याआधी पंधरा मिनिटे कॉफी किंवा आंबट पेय घेऊ नये. अशा अनेक च्युइंगगम व गोळ्यांत सॉर्बिटॉल, झायलिटॉल किंवा मॅनिटॉल ही गोडी आणणारी द्रव्ये असतात. त्यांनी काहींना गॅस आणि पातळ शौच होते, आणि त्यावरून आजार उफाळल्याचा गैरसमज होऊ शकतो. वेष्टनावरचा मजकूर वाचावा आणि असा त्रास झाल्यास पॅचवर भर द्यावा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांपैकी व्हॅरेनिक्लिन ठरलेल्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात. त्याने मळमळ होते, म्हणून ते जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे. ब्युप्रोपिऑनबद्दल विशेष काळजी घ्यावी लागते, कारण पोटातून किंवा शिरेतून स्टेरॉइड घेत असलेल्यांना त्याने झटके येण्याचा धोका वाढतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असल्यास ते न विसरता सांगावे. ई-सिगारेट आणि तोंडात धरण्याचा तंबाखू यांना पर्याय मानू नये.

पहिले काही आठवडे

चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे आणि भूक वाढणे हे त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतात आणि बहुतेकांचे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. निकोटीन आतड्याची हालचाल वाढवते, त्यामुळे ते थांबल्यावर काहींना बद्धकोष्ठता होते. पाणी पुरेसे प्यावे, पण क्रोनमुळे आतडे अरुंद झालेले असल्यास स्वतःच्या मनाने चोथायुक्त आहार किंवा इसबगोल वाढवू नये. तोंड येणेही या काळात नेहमीचे आहे, मात्र ते क्रोनचेही लक्षण असते, म्हणून दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास दाखवून घ्यावे. डोके दुखल्यास आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटामॉल घ्यावे, कारण पहिल्या प्रकारच्या वेदनाशामकांनी आतड्याचा दाह भडकू शकतो.

कॉफीकडेही लक्ष असू द्यावे. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर निचरून टाकत असते. धूर बंद झाला की तेवढ्याच कॉफीतले कॅफीन शरीरात जास्त वेळ राहते, आणि छातीत धडधड, जागरण, पातळ शौच यांचा दोष सिगारेट सोडण्यावर येतो. म्हणून कॉफी निम्म्यावर आणलेली बरी.

शौचातून रक्त जाणे, रात्री झोपेतून उठून शौचाला धावावे लागणे, ताप किंवा वजन उतरणे ही लक्षणे मात्र निकोटीन सुटल्याची नव्हेत. ती दिसताच डॉक्टरांना कळवावे आणि आधी लिहून घेतलेल्या सूचना अमलात आणाव्यात. अशा वेळी पाकीट जवळ करण्याचा मोह कोलायटिसच्या रुग्णाला सर्वांत जास्त होतो, परंतु आज या आजारावर सिगारेटहून कितीतरी खात्रीची औषधे उपलब्ध आहेत. त्यांपैकी टोफासिटिनिबसारख्या जेएके इनहिबिटर (दाह वाढवणारे पेशींतले संदेश रोखणाऱ्या) गटातील औषधांबाबत तर, दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांना ती दुसरा योग्य पर्याय नसेल तरच द्यावीत, अशी सूचना युरोपच्या औषध नियामकांनी दिली आहे. त्यामुळे सिगारेट किती वर्षे आणि किती ओढली, हे सोडल्यानंतरही प्रत्येक नव्या डॉक्टरांना खरेखुरे सांगावे.