घरातील वीज कशी मोजावी : क्षेत्रकार्यासाठी मार्गदर्शन

शाश्वत विकासाच्या सातव्या उद्दिष्टावर (सर्वांना परवडणारी, स्वच्छ ऊर्जा) प्रबंध लिहिणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावे, की दारात खांब उभा राहिला म्हणजे घरात वीज आली असे नाही. आपल्याकडे 2004 च्या व्याख्येनुसार किमान 10 टक्के घरांत जोडणी आणि शाळा, पंचायत अशा ठिकाणी वीज असली की गाव विद्युतीकृत ठरत असे. म्हणून मोजणी गावाची नव्हे, घराची करावी.

त्यासाठी जागतिक बँकेची 2015 ची बहुस्तरीय चौकट वापरावी. तीत पुरवठ्याचे तास, क्षमता, विजेचा दाब (व्होल्टेज), सुरक्षितता, परवडणारा खर्च असे निकष स्वतंत्रपणे तपासून 0 ते 5 स्तर देतात, आणि सर्वांत कमी स्तर तोच घराचा स्तर धरतात. दिवसाला 16 तास वीज असलेल्या घरात संध्याकाळी दोनच तास मिळत असतील, तर ते घर चौथ्या नव्हे, दुसऱ्या स्तरावर राहते. हा नियम कठोर असला तरी मला तो न्याय्य वाटतो, कारण मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाक त्याच वेळी चालतो.

‘वीज असते का?’ असे विचारू नये. पाहुण्याला बहुधा ‘असते’ हेच उत्तर मिळते. ‘काल दिवेलागणीपासून निजेपर्यंत वीज किती वेळा गेली?’ असे विचारावे. शक्यतो सातच्या सुमारास जावे. काजळीने काळवंडलेल्या कोनाड्यात रॉकेल भरलेली चिमणी आणि शेजारी काडेपेटी दिसली, तर त्याची नोंद उत्तराइतक्याच काळजीने करावी. वीजबिल परवानगी घेऊनच पाहावे आणि ग्राहक क्रमांक टिपू नये.