ऑटिस्टिक किशोरांसाठी सोबती-उपक्रम: आपल्या बेळगाव भागात कसा सुरू करायचा

ऑटिस्टिक (स्वमग्न) मूल लहान असतं तोवर घरात धावपळ चालू असते. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, कुणी सांगितलं म्हणून कोल्हापूर, कुणी सांगितलं म्हणून पुणे. मूल तेरा-चौदाचं झालं की हे सगळं हळूहळू बंद पडतं. शाळा सुटलेली असते, नाहीतर कशीबशी रेटलेली असते. बरोबरीची मुलं आपापल्या ग्रुपमध्ये गेलेली असतात आणि आपलं पोरगं दिवसभर आईच्या मागेपुढे. नेमकं याच वयात त्याला घराबाहेरचं एक मोठं माणूस लागतं. शिकवणारं किंवा सुधारणारं नव्हे, त्याच्याबरोबर नेमाने वेळ घालवणारं.

मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचे हिशेब बघते. माझा भाचा ऑटिस्टिक आहे. त्याच्या निमित्ताने अनगोळ, टिळकवाडी, वडगाव भागातल्या काही पालकांनी मिळून आम्ही एक मूल आणि एक मोठा सोबती अशा जोड्या लावायला सुरुवात केली. आता खानापूर, निपाणीकडून फोन येतात, "आमच्याकडं कसं करायचं, सांगा की." म्हणून हे सविस्तर लिहितेय. याला संस्था, इमारत, देणगीदार काही लागत नाही. जोडी नीट जमवणं आणि ती टिकवणं, एवढ्यावर सगळी मेहनत घाला.

पहिल्यांदा मुलाला विचारा

आई-वडिलांचं म्हणणं ऐकायचं, पण सोबती हवा की नको हे मुलानेच ठरवायचं. बोलत नसेल तर चित्रं दाखवून, मोबाईलवर टाईप करून, दोन कार्डांपैकी एकावर बोट ठेवून विचारता येतं. वेळ लागला तर लागू द्या. कशात रमतोस, कुठला आवाज सहन होत नाही, 'नको' कसं सांगतोस, त्रास झाला की आसपासच्यांनी काय करावं, हे सगळं एका पानावर त्याच्याच शब्दांत उतरवा. निदान, दिव्यांगत्वाची टक्केवारी, औषधं त्या पानावर नकोत. ती पालकांच्या फायलीत राहू देत.

माझ्या भाच्याच्या पानावर लिहिलंय: "मला मागून हाक मारू नका. कुकरची शिट्टी आवडत नाही. मी हात हलवतो तेव्हा मी खूश असतो. मी उठून गेलो तर माझ्या मागे येऊ नका, मी परत येतो." सोबत्याला एवढं पुरतं. यातलं तिसरं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण हात हलवताना दिसला की लोक लगेच त्याचा हात धरायला जातात.

सोबती कुठे शोधायचा

सगळ्यांना आधी कॉलेजची मुलं सुचतात. आपल्याकडे इंजिनिअरिंग, मेडिकलची कॉलेजं भरपूर आहेत, मुलं उत्साहीही असतात. पण परीक्षा आली की ती गायब होतात आणि शेवटचं वर्ष संपलं की गाव सोडतात. ऑटिस्टिक मुलाला ठरलेलं माणूस न सांगता येईनासं झालं तर ते फार लागतं. म्हणून मी इथेच मुळं असलेली माणसं बघते. टर्नर, शिंपी, नर्सरीवाले, ग्रंथपाल, निवृत्त कंडक्टर. निदान वर्षभर, आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी येईन असं जो सांगेल आणि पाळेल तोच घ्या. स्वतः ऑटिस्टिक असलेला मोठा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. आपल्या भागात मोठ्यांचं निदान फारसं झालेलंच नसतं, तरी विचारत राहा.

माणूस निवडताना मी एक गोष्ट करते. त्याच्याबरोबर दहा मिनिटं काही न बोलता बसते. ज्याला ती शांतता भरून काढल्याशिवाय राहवत नाही त्याला दुसरं काम देते, फोन करायचं, रिक्षा ठरवायचं. तीही कामं लागतातच. "मी त्याला सुधारून दाखवतो" म्हणणाऱ्याला मात्र आभार मानून निरोप द्या.

जोडी आवडीवरून जमवा

वय, जात, गल्ली, ओळख यावरून जोड्या लावू नका. मुलाला जे आवडतं ते ज्याला मनापासून आवडतं, असं माणूस शोधा. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक प्राध्यापिका, जन्म १९४७ चा. शाळेत असताना विल्यम कार्लॉक नावाच्या विज्ञान शिक्षकांनी त्यांच्या डोक्यातल्या विषयांना मोडता न घालता त्यांनाच अभ्यासाकडे वळवलं, असं त्या आजही सांगतात. पुढे त्या पशुविज्ञानात मोठ्या झाल्या. आपल्या प्रत्येक मुलाने प्राध्यापक व्हायला हवं असं नाही. आवड ही दाराची कडी असते, एवढंच मला यातून घ्यायचं आहे.

वडगावच्या एका पंधरा वर्षांच्या मुलीचं सांगते. (मुलींचा ऑटिझम बऱ्याचदा उशिरा लक्षात येतो. 'शांत आहे, लाजाळू आहे' म्हणून सोडून देतात.) ही मुलगी चौकटीच्या वहीत चौकोन रंगवत बसायची. घरच्यांना तो वेळेचा अपव्यय वाटायचा. वडगाव, शहापूर, खासबाग हा मागांचा भाग. तिथल्या एका विणकर घरातल्या काकू साडीच्या काठाची नक्षी ग्राफवर काढतात. पहिल्या भेटीला काकूंनी टेबलावर ग्राफ पेपर ठेवला, वरची एक ओळ भरली आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने बराच वेळ नुसतं बघितलं. मग खालची ओळ भरली आणि कागद परत सरकवला. पुन्हा काकू, पुन्हा ती. अर्ध्या तासात दोघींच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. निघताना मुलीने पेन्सिल सोडली नाही, आई ओढून घ्यायला लागली, तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू दे गं. पुढच्या रविवारी घेऊन येईल की ती." आणि ती घेऊन आली.

शेजारच्या खोलीत माग होते. ते चालू असले की कानठळ्या बसतात, म्हणून भेटी माग बंद असलेल्या दिवशी ठेवल्या. कित्येक महिन्यांनी तिने स्वतःच कानाला आवाज अडवणारे हेडफोन लावले आणि दारात उभं राहून चालू माग बघितला. कुणी तिला "ये, आत ये" म्हटलं नाही. तुमच्याकडेही असंच करा. दार उघडं ठेवा, ओढू नका.

पहिल्या भेटी

पहिली भेट अर्ध्या तासाची, मुलाच्या ओळखीच्या जागी. आधी सोबत्याचा आणि जागेचा फोटो पाठवा. कधी सुरू, कधी संपणार, मध्ये काय करायचं, हे कागदावर लिहून किंवा चित्रं काढून द्या. ठरलेल्या वेळेला संपवा, रंगात आलं असलं तरी. वार, वेळ, जागा काही महिने बदलू नका. व्हॅक्सिन डेपोची झाडी सकाळी लवकर चांगली असते, लोक चालायला येतात पण गोंगाट नसतो. आपल्याकडचा पाऊस मात्र सगळे बेत धुऊन टाकतो, तेव्हा जूनच्या आधीच छताखालची जागा ठरवा आणि मुलाला दाखवून ठेवा.

समोरासमोर बसवू नका, शेजारी बसा. "माझ्याकडे बघून बोल" हे वाक्य कायमचं बंद. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजा. मधेच पुन्हा विचारलंत तर त्याला विचार पहिल्यापासून करावा लागतो. "जरा थांब", "बघू या", "नंतर जाऊ" असलं बोलू नका. "पाच मिनिटं थांब" म्हणा आणि ती पाचच असू देत. आपण सगळे "बघू" म्हणून नाही सांगतो, तो मात्र खरोखर वाट बघत राहतो.

डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही तितकाच तोही आपल्याला कळत नाही. नव्या सोबत्याला मी हे सर्वांत आधी सांगते. मग बदलायचं ओझं एकट्या मुलावर राहत नाही.

मुलगा कोलमडला, ओरडला, खाली बसला, तर शब्द कमी करा. हात लावू नका. लोकांना लांब करा, दिवा-आवाज कमी करा आणि थांबा. नंतर "का केलंस असं?" विचारू नका. पाणी ठेवा. त्या दिवशीची भेट तिथेच संपली तरी चालेल.

भाषा आणि बस

आपल्याकडे घरात मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, थेरपिस्ट तिसऱ्याच भाषेत बोलणारा. अनेक पालकांना "घरातली भाषा बंद करा, एकच भाषा ठेवा" असा सल्ला मिळालेला असतो. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलाची वाढ खुंटते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आजीशी बोलायची भाषा तोडू नका. सोबती घरच्या भाषेत बोलणारा असावा, आणि बाहेर लागणारी कन्नड त्याने हळूहळू हाताशी द्यावी. बेकु (हवं), बेड (नको), साकु (पुरे), येष्टु (किती), एवढ्या चार शब्दांवर दुकानातलं बरंच काम होतं. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड लिहून खिशात ठेवा. अडलं तर कार्ड दाखवता येतं.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. अक्षरं येत नसली तरी गावाच्या नावाचा आकार ओळखता येतो. फोटो काढून घरी दाखवा, मग स्टँडवर शोधायला लावा. आधी नुसतं स्टँडवर उभं राहून बघायचं, मग एक थांबा, मग दोन. मुलींसाठी जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण शून्य रकमेचं तिकीट घ्यावंच लागतं आणि कंडक्टर ओळखपत्र मागतो. ते काढणं, दाखवणं, परत ठेवणं याची घरी तालीम करा. वडगावची ती मुलगी आता ओळखपत्र हातात धरूनच बसमध्ये चढते.

गणपती विसर्जनाची मिरवणूक आपल्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, शिवजयंतीला चित्ररथ रात्रभर. डॉल्बीच्या भिंतीसमोर या मुलांचं काय होतं ते पालकांना ठाऊक आहे. मुलाला यायचं असेल तर दुपारी, मूर्ती मांडवात असताना न्या. नको असेल तर त्या दिवसासाठी शहराबाहेरचा बेत कॅलेंडरवर आधीच लिहून टाका.

सुरक्षितता

इथे भीड ठेवू नका, सख्ख्या मामाच्या बाबतीतही नाही. सोबत्याची पोलीस पडताळणी करा, त्याला ओळखणाऱ्या दोघांशी स्वतः बोला. भेट बंद खोलीत नाही, दार उघडं आणि दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. मेसेज फक्त पालक असलेल्या ग्रुपवर. गुपितं नाहीत, पैसे-भेटवस्तू नाहीत. मुलाला शरीराच्या अवयवांची खरी नावं आणि 'नको' म्हणायची एक पक्की खूण शिकवा. खूण दिसली की सोबत्याने हातातलं काम थांबवायचं, चेष्टेतसुद्धा अपवाद नाही. 'नको' मानलं जातं हा अनुभव त्याला इथेच मिळायला हवा. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

झोप उडाली, जेवण सुटलं, आवडत्या गोष्टीतही मन लागेना, स्वतःला इजा करू लागला, तर ते सोबत्याचं काम नाही. डॉक्टरकडे जा. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला जवळ आहे.

कागदपत्रं पालकांनी करावीत, सोबत्यावर टाकू नयेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. थेरपी कोल्हापूरला चालू असली तरी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) आपल्या राहत्या जिल्ह्याच्या पत्त्यावरच अर्ज करा. कार्ड देशभर चालतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

दर तीन महिन्यांनी

मुलाला तीन कार्डं द्या: चालू ठेवायचं, माणूस बदलायचं, थांबवायचं. सोबत्याच्या माघारी विचारा, आणि त्याने जे उचललं ते मान्य करा. सोबत्यांनीही महिन्यातून एकदा आपापसात बसावं, चहा घेत, कुणाचं काय अडलं ते बोलावं. एकट्याने करणारा माणूस थकतो आणि थकलेला माणूस सोडून जातो.

जोडी कधी ना कधी संपते, बदली होते, लग्न होतं. कळल्याबरोबर मुलाला सांगा आणि शेवटच्या भेटीची तारीख कॅलेंडरवर लिहा. नवा सोबती मिळाला असेल तर जुन्याच्या शेवटच्या तीन-चार भेटींत त्याला फक्त शेजारी बसवा. जुन्याला नंतर फोन करता येणार की नाही, कुठल्या वारी, किती वाजता, तेही लिहूनच द्या.