पॅरिशच्या शाळेत घरच्या बातम्या कशा कळवायच्या, कधी थांबायचं

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढतं आणि मग वर्षभर त्यात सगळंच येत राहतं, कुणाला बाळ झालं, कुणाचे आजोबा गेले, उद्या पांढरे शूज, परवा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आहे, कुणाची पाण्याची बाटली हरवली. आमची शाळा वसईतली, पॅरिशची म्हणजे एका चर्चच्या धर्मग्रामाची, चर्चच्याच आवारातली, पहिली ते चौथी मी मुलीच्या वर्गाचा ग्रुप सांभाळला. ह्या वर्षी ज्यांच्याकडे हे काम येणार आहे त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मला सुरुवातीला कोणी काहीच सांगितलं नव्हतं नि जे शिकले ते चुका करूनच शिकले.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, ग्रुप म्हणजे पालक-शिक्षक संघ नाही. तो संघ महाराष्ट्रात 2011 च्या फीच्या कायद्याने प्रत्येक खासगी शाळेत असावाच लागतो, मुख्याध्यापक त्याचे अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांमधला, सचिव शिक्षकांमधला, नि कमिटीत निम्म्या तरी बायका. फी, बस, शिक्षकांबद्दल तक्रार, हे सगळं तिकडे न्यायचं, वर्गाच्या ग्रुपवर नाही. मी पहिल्याच मेसेजमध्ये हे लिहायचे, नाहीतर ऑगस्टपर्यंत ग्रुपचं भांडण होतं आणि मग खरी बातमी आली तरी कोणी वाचत नाही, म्यूट करून टाकतात.

दुसरं काम जूनमध्येच करायचं ते म्हणजे वर्षाचे दिवस एकाच मेसेजमध्ये लिहून टाकायचे आणि प्रत्येकापुढे त्या दिवशी नक्की काय असतं ते साध्या भाषेत सांगायचं. आपल्या वर्गात अर्धी मुलं कॅथलिक नसतात, हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, पाड्यावरची आदिवासी मुलं आहेत, त्यांच्या आईवडिलांना "नोव्हेनाला फुलं आणा" वाचून काय कळणार. मग लिहायचं की 8 सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिवस, त्याच्या आधी नऊ दिवस प्रार्थना असते, मुलं फुलं आणतात, फुलं घरच्या अंगणातली चालतात, विकत घेऊ नका. 5 सप्टेंबरला शिक्षक दिन तर असतोच पण मदर तेरेसांचाही तो स्मृतिदिन, 1997 ला त्या त्याच तारखेला गेल्या. ऑक्टोबर जपमाळेचा महिना. 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्या दिवशी बरीच घरं कबरस्तानात जातात. फेब्रुवारीत संत गोन्सालो गार्सिया, आणि हा दिवस मात्र मी नेहमी दोन ओळी जास्त लिहून सांगायचे, कारण हा माणूस आपल्या वसईचा, 5 फेब्रुवारी 1597 ला जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, 1862 मध्ये संत जाहीर झाला, नि वर्गातल्या कुठल्याही धर्माच्या पोराला सांगा की भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तुझ्याच तालुक्यातला, डोळे बघा त्याचे.

उपवासकाळाची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांची, तारीख दरवर्षी बदलते त्यामुळे ती वेगळी बघावी लागते, राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. 2025 मध्ये राखेचा बुधवार 5 मार्चला होता आणि रमजान त्याच्या तीन दिवस आधी सुरू झालेला. एका आईने मला विचारलं की ह्या शुक्रवारी माझ्या मुलीच्या बाकावरच्या कोणीच अंडं खाल्लं नाही, शाळेचा नियम आहे का काही, तेव्हा मी सांगितलं की नियम नाही, घरून शुक्रवारी मांस नसतं म्हणून बऱ्याच आया डब्यात अंडंही देत नाहीत, तर ती म्हणाली आमच्याकडे तर सगळं घर पहाटेच उठतंय. तेवढ्या बोलण्यातून आमची ओळख झाली ती आजपर्यंत आहे. म्हणून सांगते, कोणी विचारलं तर "ते कॅथलिक लोकांचं असतं" म्हणून सोडून देऊ नका, दोन वाक्यं बोला.

आता मुख्य गोष्ट, दुःखाची बातमी.

मुलगी दुसरीत असताना माझ्याकडून चूक झाली. वर्गातल्या एका मुलाचे आजोबा रात्री गेले, शेजारणीने मला पहाटे फोन केला, आणि मला वाटलं लवकर कळवलं तर लोकांना मयताला जायला सुट्टी टाकता येईल, म्हणून साडेसहाला मी ग्रुपवर टाकलं, नावासकट, भावपूर्ण श्रद्धांजली म्हणून. कोणीतरी ते पुढे पाठवलं, तिथून आणखी कोणी. त्या आजोबांची मुलगी कुवेतला नर्स, नाईट ड्युटीवर होती, तिची ड्युटी संपून ती रूमवर पोचली की मग सांगू म्हणून भाऊ थांबले होते. तिने ते वॉर्डमध्ये उभ्या उभ्या फोनवर वाचलं. आपल्या वडिलांचं नाव नि खाली माझा मेसेज. मी दुपारी त्यांच्या घरी गेले तेव्हा तिची वहिनी मला एवढंच म्हणाली, "थोडं थांबली असतीस." मला कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझा नियम असा, बातमी कितीही खरी असली तरी घरच्या माणसाने स्वतः "टाक" म्हटल्याशिवाय टाकायची नाही. आणि तो "टाक" म्हणाला तरी दोन गोष्टी विचारायच्या, पोराला सांगितलंय का, आणि बाहेरगावचे जे आहेत त्यांना कळलंय का. आपल्या वसईत प्रत्येक दुसऱ्या घरातलं कोणीतरी आखातात नाहीतर कुठेतरी परदेशात असतं, हे विसरू नका. पोराचं तर फारच जपावं लागतं, सात वर्षांचं मूल आजी हॉस्पिटलमध्ये आहे असं समजून शाळेत येतं आणि बाकावरचा मित्र त्याला सांगतो की तुझी आजी गेली, माझ्या मम्मीच्या फोनवर आलंय. असं होऊ द्यायचं नाही.

मेसेज कसा लिहायचा तर छोटा. मी असा लिहायचे:

"आपल्या वर्गातल्या अमुकच्या आजोबांचं काल रात्री निधन झालं. घरच्यांनी सांगितल्यावरून कळवतेय. अंत्यविधी आज दुपारी 4 वाजता आपल्या चर्चमध्ये. कृपया घरी फोन करू नका, काही मदत करायची असेल तर मला कळवा. हा मेसेज ग्रुपबाहेर पाठवू नका."

कशाने गेले, कुठल्या हॉस्पिटलमध्ये होते, हे लिहायचं नाही, ते त्यांचं आहे. मेसेज टाकला की लगेच सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करायचं, संध्याकाळपर्यंत. हे काहींना कडक वाटतं पण नाहीतर चाळीस जण हात जोडलेले टाकतात आणि अंत्यविधीची वेळ वर निघून जाते, मग चार वाजता तुम्हाला दहा फोन, किती वाजता आहे गं.

जे कॅथलिक नाहीत ते नेहमी पर्सनल मेसेज करून विचारतात की आम्ही आलो तर चालेल का. चालेल, नक्की या. चपला बाहेर काढायची गरज नाही, फोन सायलेंट, बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, गुडघे टेकायचे नसतील तर बसून राहिलं तरी कोणाला राग येत नाही. फक्त कम्युनियनसाठी, म्हणजे मिस्सातला पवित्र भाकरीचा प्रसाद घ्यायला, लोक रांगेत जातात तेव्हा तुम्ही जागेवर बसून राहा, त्यात अपमान काही नाही, तो प्रसाद फक्त पहिला कम्युनियन झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. हे आधी सांगितलं तर माणूस निर्धास्त येतो, नाहीतर बिचारे मागच्या दारातच उभे राहतात.

जेवणाचं थोडं नियोजन लागतं. पहिल्या दोन दिवशी सगळेच डबे नेतात, घरात पातेली ठेवायला जागा नसते, आणि पाचव्या दिवशी कोणी नसतं, तेव्हाच खरं तर ती बाई थकून बसलेली असते. म्हणून मी ग्रुपवर पोल टाकायचे, चौथ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत, एका दिवसाला एक घर. डब्यावर नाव लिहून द्या, आणि परत मागायला जाऊ नका, शाळेतून परत येतो. आणि पोराच्या टीचरला आधी भेटा. आमच्या वर्गातला तो मुलगा सोमवारी परत आला तेव्हा त्याच्या बाकावरच्या मुलीने तीन दिवसांचा गृहपाठ आपल्या अक्षरात उतरवून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला होता, वर स्टिकर लावून. टीचरने तिला सांगितलं नव्हतं, तिच्या आईने ग्रुपवर वाचून घरी तेवढंच सांगितलं होतं की तो काही दिवस येणार नाही.

आजारपण आणि पैसे. ह्याबद्दल मी अगदी ठाम आहे, ग्रुपवर कोणासाठीही वर्गणी काढायची नाही. कोणी किती दिले ते दिसतं, ज्यांना जमत नाही ते गप्प होतात आणि ज्यांच्यासाठी काढली ते तर आयुष्यभर मान खाली घालून गेटवर येतात. एखाद्या घराला फीचं जमत नसेल तर फादरना किंवा मुख्याध्यापिका सिस्टरना जाऊन एकट्याने भेटा. बऱ्याच पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते, 1833 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली, त्यांचं कामच हे, घरी जाऊन भेटून गुपचूप मदत करणं.

आनंदाच्या बातमीलाही हाच नियम. बाळ झालं तर आईवडील सांगतील तेव्हा, आणि कोणी गरोदर आहे हे तर दुसऱ्याने कधीच टाकायचं नाही, अंदाजानेही नाही. बारशाला किंवा स्नानसंस्काराला (बाप्तिस्म्याला) कोणाला बोलवायचं ते त्यांचं.

पहिला कम्युनियन मात्र वर्गाचा सणच असतो. पूर्वी मुलं बरीच मोठी झाल्यावर कम्युनियन द्यायचे, 1910 मध्ये पोप दहाव्या पायस यांनी वय सातच्या आसपास आणलं, त्यामुळे तो आता प्रायमरीतच येतो. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे पांढरा ड्रेस, एकदाच घालायचा आणि किंमत बघून धडकी भरते, म्हणून आम्ही एक मोठी पेटी ठेवली, मोठ्या बहिणींचे नि भावांचे ड्रेस धुऊन इस्त्री करून त्यात, साईजची चिठ्ठी टाचणीने लावून. ज्याला पाहिजे त्याने माझ्या घरी येऊन न्यायचा, कोणी नेला ते मी कोणाला सांगत नाही. दुसरं, वर्गात जी मुलं कॅथलिक नाहीत त्यांना त्या महिन्यात रोज बाहेर बसल्यासारखं वाटतं, कारण बाकीची प्रॅक्टिसला जातात. आमच्या टीचरने त्यांच्याकडून कार्डं करून घेतली, प्रत्येकाने एका मित्रासाठी. एका कार्डावर गणपती काढलेला, हातात मेणबत्ती. ते कार्ड ज्या मुलीला मिळालं तिच्या घरी अजून देवघराच्या, म्हणजे त्यांच्या अल्टारच्या बाजूला चिकटवलेलं आहे.

फोटोंचं सांगते. मुलांचे फोटो टाकण्याआधी वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घरून लेखी हो किंवा नाही घ्या, साध्या वहीत सही चालेल. 2023 च्या डेटाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं शाळांना आता सांगतात, पण कायदा नसता तरी मी विचारलंच असतं. आईवडील वेगळे राहत असतील तर दोघांचे नंबर घ्या आणि दोघांना सारखाच मेसेज जाऊ दे, एकाला कळलं नि एकाला नाही असं नको.

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा वाचता येत नाही त्यांना विसरू नका, हे मी सगळ्यात शेवटी शिकले. आमच्या वर्गात एक आई पहाटेच्या लोकलने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला जायची, ती परत येईपर्यंत शाळा सुटायची. ग्रुपवर ती होती पण नुसती नावाला, आणि तिच्या मुलाला तीन वेळा रंगीत कपड्याच्या दिवशी युनिफॉर्ममध्ये बघितल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मग मी तिला व्हॉइस मेसेज करायला लागले, आमच्या घरच्या बोलीत, अर्धा मिनिट. आणि पाड्यावरच्या तीन घरांसाठी मुलाच्या डायरीत चिठ्ठी, वर त्याच पाड्यावरच्या चौथीतल्या ताईला तोंडी निरोप. अशी घरं कुठली ते जूनमध्येच शोधा, यादी करा.

एप्रिलमध्ये निकाल लागला की ग्रुप बंद करायचा, तसाच चालू ठेवायचा नाही. शेवटचा मेसेज टाका, दोन दिवस थांबा, मग सगळ्यांना काढा. तुमच्याकडच्या वहीत कोणाच्या घरी काय झालं, कोणाला फोनवर सांगावं लागतं, कोणाचा फोटो टाकायचा नाही, हे असेल, ती वही पुढच्या प्रतिनिधीला हातात द्या, फोटो काढून पाठवू नका. मी माझी मे महिन्यात पुढच्या प्रतिनिधीच्या घरी जाऊन दिली, ड्रेसची पेटीही तिच्याकडे गेली, रिक्षात आडवी घालून, आणि पेटीत तेव्हा सात ड्रेस होते, त्यातला एक माझ्या मुलीचा.