सह्याद्रीत भटकताना विषारी झाडं कशी ओळखावीत

सगळ्यात आधी मोगली एरंड ओळखायला शिका. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून शेताच्या कुंपणाला तो सर्रास लावतात आणि पोरं नेमकी त्याच्याच बिया खातात. पान तळहाताएवढं, कडेला तीन ते पाच उथळ खाचा. फळ लिंबापेक्षा लहान, आधी हिरवं, मग पिवळं, वाळलं की काळपट. फोडलं की दोन-तीन काळ्या बिया निघतात. आतला गर पांढरा असतो आणि चवीला शेंगदाण्यासारखा लागतो, त्यामुळे एक खाल्ली की दुसरी खाल्ली जाते. थोड्या वेळाने घशात जळजळ, उलट्या, जुलाब सुरू होतात आणि लहान मूल पाणी कमी होऊन लवकर गळून जातं. साध्या एरंडाचं पान बोटांसारखं खोल कातरलेलं असतं, फळावर मऊ काटे आणि बियांवर नक्षी असते. तोही खायचा नाही, त्याचं विष जास्त जहाल आहे.

पावसाळ्यात कळलावी फुलते. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल लांबूनही ओळखू येतं. फसगत होते ती फूल नसताना. तेव्हा पानाचं टोक पाहा. ते तारेसारखं गुंडाळून शेजारच्या फांदीला धरतं. जमिनीतला कंद नांगरासारखा दोन बाजूंना फाकलेला असतो आणि रानकंद समजून उकरला जातो. शिजवून त्याचं विष जात नाही. खाल्ल्यावर कित्येक तास काहीच जाणवत नाही, म्हणून ‘बघू सकाळी’ म्हणत थांबू नका.

गुंजेची लाल बी, तिच्यावरचा काळा डोळा सगळ्यांना माहीत आहे. अख्खी बी कठीण सालीमुळे बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी मात्र घातक. बागेतली कण्हेर आणि पिवळी बिट्टी थेट हृदयावर परिणाम करतात. कण्हेरीची काडी चुलीत किंवा भाजायला वापरू नका.

दिवाळीनंतर वाळलेल्या खाजकुइलीपासून सांभाळून राहा. वेलीला तीन-तीन पानं, वाकड्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमल. ही मखमल म्हणजे सुट्या होणाऱ्या कुसळ्या, वाऱ्यानेही अंगावर येतात. लागल्या तर चोळू नका, चोळलं की त्या आत रुततात. चिकटपट्टी दाबून ओढा, दरवेळी नवी घ्या, मगच पाण्याने धुवा. शेण किंवा माती लावू नका. कपडे वेगळ्या पिशवीत टाका.

शेर, निवडुंग किंवा रुईचा चीक डोळ्यात गेला तर 15 ते 20 मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि लगेच डॉक्टर गाठा. बिब्ब्याचा रस लागला तर ताबडतोब साबणाने धुवा; फोड कधीकधी दुसऱ्या दिवशी उठतात.

माकडं-पक्षी खातात म्हणून फळ माणसाला चालतं, असं कधीच धरू नका. पोटात गेलंच, तर तोंडातलं थुंकायला लावून चूळ भरवा, मिठाचं पाणी पाजून किंवा बोटं घालून उलटी काढू नका. किती बिया, किती वाजता खाल्ल्या ते लिहा, पान-फळासकट फांदी पिशवीत घ्या आणि 108 ला फोन लावा. रेंज नसेल तर एकाला रेंजच्या जागी पाठवा, बाकीच्यांनी रुग्णाला कुशीवर झोपवून गाडीरस्त्याकडे न्यायची तयारी करा.